बकरीच्या वाट्याचे हाड

‘निसर्गाला जे घडवायला कोट्यवधी वर्षे लागली, ते हाड प्रयोगशाळेत घडवण्याचा मान वऱ्हाडाच्या भूमीला मिळाला आहे.’ हे वाक्य माझे नाही. आमच्या विभागप्रमुखांनी ते एका निमंत्रणपत्रिकेसाठी लिहिले होते, आणि मी त्यातले फक्त शुद्धलेखन तपासले. हाड घडवण्याची खटपट जगात पुष्कळ ठिकाणी, आमच्या आधीपासून आणि आमच्यापेक्षा चांगल्या इमारतींमध्ये चालू आहे. भूमीबद्दल बोलायचे तर आमची प्रयोगशाळा अमरावतीच्या कॉलेजात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला आहे. उन्हाळ्यात दुपारी ती भिंत अशी तापते की तिला पाठ लावून कोणी उभे राहत नाही.

काम माझ्या विद्यार्थिनीचे होते. मी तिचा मार्गदर्शक, म्हणजे तिच्या कागदांवर सही करणारा माणूस. ती चांदूर बाजारची. वडिलांची संत्र्याची बाग. पीएच.डी.साठी तिने हाड हा विषय घेतला तेव्हा गावात बातमी पसरली की पोरगी हाडांची डॉक्टर होऊन राहिली, आणि सुट्टीत घरी गेली की गुडघे दुखणारी माणसे अंगणात येऊन बसू लागली. तिने आधी सगळ्यांना रसायनशास्त्र समजावून सांगितले. नंतर नुसतेच ‘शेकत जा’ म्हणू लागली. त्याने बऱ्याच जणांना बरे वाटले.

हाड ही वस्तू दिसते तशी साधी नसते. एका चिवट प्रथिनाचे बारीक धागे असतात आणि त्यांच्यावर कॅल्शियमच्या क्षाराचे त्याहून बारीक कण बसलेले असतात. नुसता क्षार घेतला तर खडूसारखा मोडतो, नुसते धागे घेतले तर वाकतात. दोन्ही एकमेकांना धरून असतात म्हणून आपण उभे राहतो. माझ्या विद्यार्थिनीने एक पूड केली होती आणि एक द्रव. दोन्ही एकत्र घोटले की पांढरी पेस्ट तयार होते. ती सिरिंजमध्ये भरायची आणि हाडात जिथे पोकळी पडली असेल तिथे जाड सुईने सोडायची. आत गेल्यावर ती पोकळीचा आकार घेते आणि थोड्या वेळात दगडासारखी घट्ट होते. तिच्यात बारीक छिद्रे राहतात. त्यांतून शरीराच्या पेशी आत शिरतात, पेस्ट हळूहळू खाऊन टाकतात आणि तिच्या जागी स्वतःचे हाड बांधत जातात. सगळे नीट झाले तर शेवटी आमचे काहीच उरत नाही. आपण उरलो नाही म्हणजे काम झाले, असे मानणारे कॉलेजच्या आवारात त्या पेस्टखेरीज दुसरे कोणी माझ्या पाहण्यात नाही.

विभागप्रमुख तिला ‘जैवपदार्थ’ म्हणत. शिपाई ‘चुना’ म्हणे. आम्ही पेस्ट म्हणत असू.

पेस्टची एक खोड होती. उष्णतेत ती लवकर घट्ट होते. परदेशातल्या शोधनिबंधांत लिहिलेले असते की मिश्रण खोलीच्या तापमानाला करावे. आता कोणाच्या खोलीच्या, हे ते सांगत नाहीत. त्यांच्या खोलीत माणसे स्वेटर घालून बसतात. आमच्या खोलीत एप्रिलमध्ये पेस्ट सिरिंजमध्ये भरून सुई लावेपर्यंत तिचा खडा होई. पहिल्या उन्हाळ्यात विद्यार्थिनीने अशा खड्यांनी एक बरणी भरली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती कॉलेजसमोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणू लागली. पूड, द्रव, खल, सिरिंज सगळे बर्फाच्या डब्यात ठेवायचे, गार असतानाच घोटायचे आणि लगेच सोडायचे. शरीराच्या उबेत ती मग आपली आपण घट्ट होते. रसवंतीवाला रोज विचारी, “मॅडम, कोनाची पार्टी हाय?” सरावासाठी लागणारी हाडे ती मटणाच्या दुकानातून आणी. स्वतः माळकरी घरातली. दुकानात शिरताना ओढणी नाकाला लावी आणि बाहेर येताना कोणत्या नळीची पोकळी चांगली आहे यावर दुकानदाराशी वाद घालत येई.

मेलेल्या हाडात पेस्ट बसू लागली. प्रश्न जिवंत हाडाचा होता. त्यासाठी आम्हाला अकोल्याच्या एका जनावरांच्या दवाखान्यातले सर्जन मिळाले. मूळचे अचलपूरचे, उंच, बोलायला रोखठोक. पुण्याहून आलेले लोक त्यांना रागीट समजत. ते रागावलेले नसत. ते तसेच बोलत. पेस्ट त्यांनी बोटावर घेऊन पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, “थांबा. योग्य जनावर आलं की फोन करतो. उगीच धडधाकट बकरीचं हाड कापून प्रयोग करायला मले आवडत नाई.” प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानग्या हातात होत्या, तरी ते थांबले. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. माझ्या ओळखीत परवानगी हातात असताना थांबणारी माणसे फार नाहीत.

एप्रिलच्या शेवटी फोन आला. तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडहून एक बाई बकरी घेऊन आल्या होत्या. बकरीच्या मागच्या पायावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चाक गेले होते. नडगीच्या हाडाचा मधला थोडा भाग चुरा होऊन सडला होता आणि सर्जननी तो काढून टाकला होता. आता धातूची पट्टी लावून पाय सरळ धरता येत होता, पण मधे फट राहत होती. ती भरली नाही तर बकरी तीन पायांवर राहणार. तीन पायांच्या बकरीला बाजारात एकच गिऱ्हाईक असते. ते गिऱ्हाईक बाईंच्या दारात येऊनही गेले होते. बाईंनी त्याला परत पाठवले होते. एकट्या राहणाऱ्या, साठीच्या पुढच्या, शेतमजुरी करणाऱ्या बाई. घरात दूध असायचे ते या बकरीचेच.

विद्यार्थिनी त्यांना भेटायला अकोल्याला गेली. मी सोबत होतो. तिने सगळे समजावून सांगितले. पेस्ट कशी जाते, आत काय होते, आणि ते होईलच याची खात्री नाही, तेही. बाईंनी ऐकून घेतले.

“म्हंजे तुमी तिच्या पायात लांबी भरनार,” त्या म्हणाल्या. पत्र्याच्या भोकात भरतात ती लांबी.

“हो मावशी. पण ही लांबी नंतर तिचं हाडच होऊन जाईल.”

“अन् नाई झाली तं?”

विद्यार्थिनी म्हणाली, “नाही झाली तर माझी चार वर्षं गेली, मावशी.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहून घेतले. “तुही चार वर्सं गेली तं तू दुसरं शिकशीन. माही बकरी गेली तं दुसरी नाई येत,” त्या म्हणाल्या. आणि मग, “भर.”

इथपर्यंत सगळे शहाणपणाने चालले होते. मग ही बातमी विभागप्रमुखांना कळली.

विभागप्रमुख वाईट गृहस्थ नाहीत. पण काही चांगले होत असेल तर त्याचा कार्यक्रम झाल्याशिवाय ते झाले असे त्यांना वाटत नाही. त्यांनी मुंबईहून एक मोठे पाहुणे बोलावले. निवृत्त अधिकारी, अनेक समित्यांवर असलेले. पाहुण्यांच्या शुभहस्ते बकरीला इंजेक्शन द्यायचे असा मूळ बेत होता. सर्जन म्हणाले, “माह्या ऑपरेशन थिएटरात कोनाचेच हात शुभ नसतात. धुतलेले असतात नाही तं नसतात.” तेव्हा तडजोड अशी निघाली की दवाखान्याच्या हॉलमध्ये पाहुण्यांनी मटणाच्या दुकानातल्या हाडात पेस्ट सोडून उद्घाटन करावे, आणि लगेच पलीकडच्या खोलीत सर्जननी बकरीचे काम करावे. पेस्टच्या दोन मात्रा न्यायच्या ठरल्या. एक पाहुण्यांची, एक बकरीची. शुद्ध केलेली पूड तेवढीच तयार होती.

मे महिन्यातला अकोला. त्यावर मी काही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि इतरांना पटणार नाही. हॉलमध्ये दोन कूलर गरम हवा एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेत होते. विद्यार्थिनी बर्फाचा डबा टेबलाखाली पायांशी धरून बसली होती. पाहुणे आत आल्याबरोबर विभागप्रमुख तिच्यापाशी आले.

“चला, करून ठेवा तयार.”

“सर, आधी नको. त्यांच्या हातात द्यायच्या वेळी घोटते. लगेच होतं.”

“अहो, पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं का? पाहुणा दारात आला की आपल्याकडे चहा तयार असतो.”

“ही पेस्ट आहे, सर.”

“तेच म्हणतोय मी. करा तयार.”

माणूस मोठा, आणि आमच्याकडे पाहुण्याला थांबवण्यासारखे पाप नाही. कोणाच्याही घरी जा, तुम्ही चपला काढेपर्यंत आधणाचा आवाज येतो. विद्यार्थिनीने पाहुण्यांची मात्रा घोटली, सिरिंजमध्ये भरली, आणि विभागप्रमुखांनी ती डब्यातून उचलून, हार आणि नारळ ठेवलेल्या चांदीच्या रंगाच्या तबकात, गुलाबाच्या पाकळ्यांवर ठेवली. त्यानंतर सत्कार सुरू झाले.

पाहुण्यांना शाल पांघरण्यात आली. मे महिन्यात. त्यांनी ती मोठ्या धीराने पांघरून ठेवली. मग दवाखान्याच्या प्रमुखांना शाल. मग सूत्रसंचालकाच्या लक्षात आले की पाहुण्यांसोबत त्यांचे एक स्नेहीही आले आहेत. ऐन वेळी शाल कमी पडली, तेव्हा कोणीतरी दवाखान्याच्या प्रमुखांची शाल घडी करून पुन्हा दिली. प्रास्ताविक झाले. त्यात वऱ्हाडाची भूमी आली. तबकातल्या पाकळ्या कूलरच्या वाऱ्याने उडत होत्या. सिरिंज मात्र जागची हलत नव्हती, आणि तिच्या आत काय चालले असेल हे हॉलमध्ये फक्त आम्हा दोघांना कळत होते.

पलीकडचे दार उघडून सर्जन बाहेर आले. हिरवे कपडे, तोंडाला मास्क. विभागप्रमुखांनी दिलेल्या वेळेवर विश्वास ठेवून त्यांनी बकरीला भूल दिली होती. ते सरळ माझ्यापाशी आले.

“सर, बकरी झोपून राहिली अन् तुमी अथी शाली वाटून राहिले?”

“दोनच भाषणं आहेत.”

“भूल भाषणाच्या हिशेबानं नसते देत.”

व्हरांड्यात बाकावर बकरीच्या मालकीणबाई बसल्या होत्या. दार उघडल्यामुळे त्यांना माइक ऐकू येऊ लागला. त्यांचा आवाजही आम्हाला ऐकू आला, आणि तोही माइकशिवाय. “काहून एवढे बोलून राहिले हे लोकं? तिचा पाय मोडला, कान नाई मोडले!”

शेवटच्या रांगेतले लोक हसले. सूत्रसंचालकाने ते कार्यक्रमाचे कौतुक समजून घाईने पाहुण्यांना पुढे बोलावले.

पाहुण्यांनी तबकातली सिरिंज उचलली. कॅमेरे पुढे आले. त्यांनी सुई हाडाच्या पोकळीत धरली आणि दट्ट्या दाबला. काही झाले नाही. त्यांनी अंगठ्याने दाबला. मग दोन्ही अंगठ्यांनी. शाल खांद्यावरून घसरली. विभागप्रमुख कॅमेऱ्यांकडे हसत पाहत एक एक पाऊल मागे येत टेबलापाशी पोहोचले आणि ओठ न हलवता म्हणाले, “दुसरी आहे ना? ती द्या.”

विद्यार्थिनीने बर्फाचा डबा उचलून मांडीवर घेतला. “ती बकरीची आहे, सर.”

“अहो, पाहुणे उभे आहेत!”

“बकरी आडवी आहे, सर.”

“बकरीसाठी पुढच्या आठवड्यात नवीन करू.”

“पुढच्या आठवड्यात तिचा पाय पुन्हा फाडायचा का?”

तिचा आवाज चढला नव्हता. विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. तिच्या प्रबंधावर त्यांची सही लागणार होती, हे तिला माहीत होते, मला माहीत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिसतही होते. तिनेही माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “सर, डबा तिचा आहे.” मार्गदर्शक म्हणून माझे त्या दिवशीचे योगदान एवढेच. ती उठली, डबा छातीशी धरला आणि सर्जनच्या मागोमाग पलीकडच्या खोलीत गेली. दार बंद झाले. चार वर्षांत मी तिला जे काही शिकवले त्यात हे कुठेच नव्हते. ते तिने घरून आणले होते, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की मी खाली वाकून एक पाकळी उचलली. काहीतरी करायला हवे होते.

इकडे पाहुणे अजून दाबत होते. अखेर ते थांबले, सिरिंज डोळ्यांसमोर धरली आणि मला विचारले, “हे घट्ट झालंय का?”

“हो, सर.”

“म्हणजे आत… हाड झालं?”

मी पुन्हा “हो, सर” म्हणालो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते फारसे खोटे नव्हते. पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सिरिंज माइकजवळ नेली आणि टेबलावर आपटली. ठक, ठक. “ऐका!” ते म्हणाले. हॉलने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच फोटो आला. खाली लिहिले होते, ‘मान्यवरांच्या हस्ते कृत्रिम हाडाचे लोकार्पण.’ विभागप्रमुखांनी त्याची चौकट करून घेतली आहे. कार्यक्रम त्यांच्या मते पूर्णपणे यशस्वी झाला, आणि प्रबंधावरची सही त्यांनी पुढे काहीही न बोलता केली. हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

मी हात धुऊन, मास्क लावून आत गेलो तेव्हा पट्टी बसली होती आणि विद्यार्थिनी पेस्ट घोटत होती. बर्फातला खल, बर्फातली सिरिंज. इथे कोणी बोलत नव्हते. तिने सिरिंज सर्जनना द्यायला हात पुढे केला. ते म्हणाले, “तूच सोड, बेटा. तुले पेस्टची चाल माहीत हाय.” तिने सुई फटीच्या तळाशी नेली आणि दाबली. पेस्ट आली. तळातून वर, हवा न अडकता, मागे मागे सरत. “ये… ये… बस,” ती पेस्टला पुटपुटत होती. फट काठोकाठ भरली. मग आम्ही थांबलो. सर्जननी चिमट्याच्या टोकाने वर हलकेच वाजवून पाहिले. मऊ. पुन्हा थोडे थांबून वाजवले. या वेळी आवाज आला, अगदी बारीक. हॉलमधल्या ठकठकीला टाळ्या मिळाल्या होत्या. या आवाजाला कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळ्यांच्या हातात मोजे होते आणि काम बाकी होते.

जखम शिवून झाल्यावर सर्जन म्हणाले, “सर, तुमची पेस्ट चांगली हाय. फक्त तिले सत्कारापासून दूर ठेवा.”

त्यानंतरच्या महिन्यांत बाई बकरीला मालवाहू रिक्षात घालून अकोल्याला आणत आणि आम्ही अमरावतीहून जात असू. पहिल्या एक्स-रेत आमची पेस्ट पायात एखाद्या पांढऱ्या विटेसारखी दिसत होती, कडा स्वच्छ. बकरी पाय टेकत नव्हती. पावसाळ्यात ती टेकू लागली, पण भार देत नव्हती. विद्यार्थिनीचे जेवण कमी झाले. बाई तिला रागवत, “बकरी बराबर खाऊन राहिली, तूच काहून सुकून राहिली?” पोळ्यानंतरच्या एक्स-रेत विटेच्या कडा पुसट झाल्या होत्या. दिवाळीनंतर वीट राहिली नव्हती, नुसता एक ढग होता. सर्जननी धातूची पट्टी काढली.

डिसेंबरात त्यांनी नवी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विद्यार्थिनीला म्हणाले, “दाखव, तुमचं कुठं संपते अन् तिचं कुठं सुरू होते.”

तिने बोट वरून खाली आणले. मधे थांबवले. थोडे मागे नेले. मग बोट काढून घेतले. “नाही सांगता येत, सर.”

“मलेही नाई येत,” सर्जन म्हणाले.

मीही पाहिले. नडगीचे हाड होते, वरपासून खालपर्यंत एक. चाळीस वर्षांच्या वाचनात मी कर्तृत्वाची पुष्कळ वर्णने वाचली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल मला शंका आहे. या फिल्मबद्दल शंका घ्यायला जागा सापडेना.  परत येताना गाडीत विद्यार्थिनी म्हणाली की प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात पायाच्या कार्यक्षमतेबद्दल एक वाक्य लिहावे लागेल, ते तुम्हीच सुचवा. मी बराच विचार करून सांगितले, “लिही, प्रस्तुत जैवपदार्थाने जिवंत अस्थीशी एकरूप होऊन आपले विहित कार्य पूर्णत्वास नेले आहे.” ते वाक्य मला आवडले. विभागप्रमुखांची सावली माझ्यावर पडली असणार.

जानेवारीत ती हेच प्रकरण टाइप करत असताना तिचा फोन वाजला. बाई होत्या. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“पोरी, तुह्या त्या हाडानं माहं डोकं खाल्लं!”

विद्यार्थिनी खुर्चीतून उठली. “काय झालं, मावशी? लंगडते का?”

“लंगडली असती तं बरं झालं असतं! कुदून गेली, कुंपनावरून. बाजूवाल्याचा हरभरा खाल्ला. रोज जाते. तो अथी दारात उभा हाय, तुह्यासंगंच बोलतो म्हनते.”

फोनमध्ये पुरुषाचा आवाज आला. रागावलेला, पण विचारून घ्यावे अशा सुरातला. “मॅडम, या बकरीचा पाय तुमी बसवला का?”

“हो, काका. आम्हीच.”

“एवढा मजबूत कायले बसवला?”

विद्यार्थिनीने फोन ठेवला.   तिने माझे वाक्य खोडले आणि त्या जागी लिहिले की बकरी कुंपण ओलांडते. परीक्षकांनी त्यावर हरकत घेतली नाही.

शेजाऱ्याने कुंपणावर आणखी एक काटेरी तार ओढली आहे.